दादाच्या हातची गोळी

४ मार्च

दादा,

पोचले. विमानात शेजारच्या बाईने अंगावर अत्तराची आख्खी बाटली उपडी केली होती, त्यामुळे निम्मा प्रवास शिंकण्यात आणि उरलेला माफी मागण्यात गेला. तू लहानपणी माझं नाव 'शिंकी' ठेवलंस ते काही उगाच नाही.

खोली चांगली आहे. एक खिडकी, एक पलंग आणि नळाला चक्क गरम पाणी. तुमच्या मागच्या अंगणातली माझी खोली हिच्यापेक्षा मोठी आहे, पण तिथे तुझ्या औषधाच्या दुकानाची खोकी निम्मी जागा अडवतात, हे लक्षात घे. संग्रहालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आमची दुरुस्तीची खोली तळघरात. उन्हाने जुने रंग उडतात म्हणून तिथे कवडसासुद्धा येऊ देत नाहीत. मला जो पडदा दिलाय तो आपल्या दुकानाच्या भिंतीएवढा आहे आणि कसरीने त्याची पार चाळण केलीय. सहा महिने जातील. रफू करायला एवढ्या लांबून माणूस बोलावतात का, म्हणून निघताना हसला होतास ना? काल मुख्य बाई भिंग घेऊन माझा टाका बघायला आल्या आणि त्यांना तो सापडला नाही. घे!

आता कामाचं. तू बांधून दिलेल्या पुड्या गेल्या. विमानतळावर तपासनीसाने पिशवी उघडली, तर वर्तमानपत्राच्या पुड्या, प्रत्येकीवर तुझ्या अक्षरात 'सकाळी एक', आत पांढऱ्या गोळ्या. ना खोकं, ना पाकीट, ना नाव. त्याने एक हुंगलीसुद्धा. कसल्या गोळ्या, म्हणाला. म्हटलं, अंगावर पित्त उठतं त्याच्या. कोणी दिल्या? म्हटलं, माझ्या भावाने. मला वाटलं होतं एवढं पुरेल. आपल्या गावात पुरतं. त्याने सगळ्या उचलून डब्यात टाकल्या. पर्समध्ये एक पुडी होती ती तेवढी वाचली.

इथे कोपऱ्यावर औषधाचं दुकान आहे. कामावरच्या उंच बाईला दुभाषी म्हणून बरोबर नेलं. दुकानातली बाई फार सज्जन. म्हणाली, खोक्यावरचं नाव सांगूनही उपयोग नाही, तेच औषध प्रत्येक देशात वेगळ्या नावाने विकतात. आतल्या औषधाचं नाव सांगा, त्याच्या जोडीचं इथलं मी काढून देते. आणि दादा, मला सांगता येईना! गल्लीतल्या कुत्र्यांची नावं मला पाठ आहेत, आणि जिने मला बारा वर्षं उभं ठेवलं त्या गोळीचं नाव माहीत नाही. मी म्हटलं, 'दादाची गोळी'. उंच बाईने तसंच भाषांतर केलं. दोघी हसल्या.

तर आतल्या औषधाचं नाव आणि ताकद लगेच लिहून पाठव. वहिनीला सांग, मोजे पुरेनात. छकुलीला म्हणावं, आत्या परत येईपर्यंत माझ्या कात्र्यांना हात लावशील तर याद राख.

तुझी
शिंकी

१५ मार्च

शिंके,

तुझं पत्र दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. तपासनीसाने गोळी हुंगली त्या जागी तुझी वहिनी एवढी हसली, की गिऱ्हाईक खोकल्याचं औषध न घेताच बरं होऊन गेलं.

आता त्या बाईचं. तिकडच्या लोकांना प्रत्येक गोष्टीला चिठ्ठी चिकटवल्याशिवाय चैन पडत नाही. अगं, नावाला काय चाटायचंय? तुला गुण येतो ना, मग झालं! ही तुझ्या प्रकृतीला जुळवलेली गोळी आहे, अशी तिकडे मिळायची नाही. उगाच जोडीचं-बिडीचं काहीतरी घेऊन बसशील आणि नसती आफत ओढवून घेशील. डॉक्टरकडे तर मुळीच जाऊ नकोस. परक्या मुलखातले डॉक्टर, माणूस दिसला की सुई टोचतात.

लोकरीचे मोजे पाठवतोय. मोज्यांत हात घालून बघ, म्हणजे समजेल. शहाण्याला शब्दाचा मार. गोळ्या कुणाला दाखवत बसू नकोस. पार्सल येईपर्यंत असलेल्या पुरवून घे, धुळीत नाकाला रुमाल बांध, सकाळ-संध्याकाळ वाफ घे. धूळ टाळ म्हणणार होतो, पण तुझा धंदाच धुळीचा.

छकुली आता कॉलेज सुटल्यावर दुकानात बसते. गिऱ्हाइकांशी माझ्यापेक्षा गोड बोलते. तुझ्या कात्र्या शाबूत आहेत.

दादा

२७ मार्च

दादा,

मोजे आले. आत हात घातला, तर आत माझाच हात. पोस्टाने चिठ्ठी ठेवली होती, की ओळख न पटणारं औषध काढून घेतलं आहे. तुझ्या युक्तीला इथल्या लोकांनी आधीच ओळखलं होतं.

मी गोळ्या आधी अर्ध्या केल्या, मग पाव. आता त्याही संपल्या. पुन्हा पाठीवर, पोटावर गांधी उठायला लागल्यात, पण खाजेचं मला काही वाटत नाही, खाजेशी माझी जुनी ओळख आहे. हे दुसरंच काहीतरी आहे. सकाळी पलंगावरून उठताना भिंत धरावी लागते. खाल्लेलं पोटात राहत नाही. परवा सुईत दोरा ओवता येईना. दोरा दिसत होता, सुई दिसत होती, हात थरथरत होता. उंच बाईने सुई माझ्या हातातून घेतली, ओवली आणि परत दिली. मुख्य बाईंनी मला पडद्यावरून काढून चिंध्या लावायला बसवलंय. असंच राहिलं तर पुढच्या महिनाअखेरीस घरी पाठवतील. दादा, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या हाताला नावाजलं होतं.

औषधवाल्या बाईला सगळं सांगितलं. ती हसली नाही या वेळी. म्हणाली, नुसत्या अंगावरच्या पित्ताची गोळी सुटली म्हणून माणूस असं गळून जात नाही. त्या गोळीत काय होतं ते मला कळलंच पाहिजे. तोवर काही द्यायला ती घाबरते.

म्हणून तर परवा फोन लावला. फोनवर तुला माझी तब्येत ऐकू आली, हवा ऐकू आली, मोज्यांचं ऐकू आलं. गोळीचं नाव विचारलं की मात्र 'हॅलो, हॅलो, आवाज येत नाही.' तीनदा विचारलं, तीनदा तुझा फोन बहिरा झाला. मी इथे हसून सांगितलं सगळ्यांना, आमच्याकडच्या तारा अशाच आहेत.

आता मस्करी पुरे. एका ओळीत नाव लिही.

शिंकी

६ एप्रिल

चि. शिंकीस,

सोबत दुकानाच्या कागदावर, शिक्का मारून, सहीनिशी लिहून देत आहे, की तू नियमित घेतेस ती गोळी क्लोरफेनिरामिन, चार मिलिग्रॅम, ही आहे. पित्त, शिंका, वाहतं नाक यांवरची जुनी आणि साधी गोळी. लहान मुलांना देतात ती. हा कागद तुझ्या त्या बाईला दाखव म्हणजे तिचं समाधान होईल.

अशक्तपणा हवा बदलल्याचा. तू घराबाहेर कधी राहिलीसच नाहीस. पोटभर जेव, मिठाचं पाणी पी. मनाने खंबीर राहा. तुला घाबरायची सवय आहे हे मला माहीत आहे.

फोनच्या तारा खरंच खराब आहेत. तक्रार केली आहे.

दादा

२१ एप्रिल

दादा,

घाबरू नकोस, हे पत्र दवाखान्यातून लिहितेय. अक्षर वाकडं आहे ते सलाईनच्या हातामुळे.

तुझा कागद आल्या आल्या औषधवाल्या बाईने इथली जोडीची गोळी काढून दिली. अगदी तेच औषध, तेवढीच ताकद. खाज निम्मी झाली, झोप दुप्पट. पण अंगातलं त्राण काही परत येईना. मग साधी सर्दी झाली, ताप आला, आणि मी तळघराच्या पायऱ्यांवरच कोसळले. उंच बाई होती म्हणून डोकं आपटलं नाही. रक्तदाब इतका खाली गेला होता, की डॉक्टरांना वाटलं मी काही परत येत नाही.

आता सलाईनमधून काहीतरी देतात, त्याने मी उठून बसते. ते थांबवलं की पुन्हा ढेपाळते. इथली डॉक्टरीण माझ्यापेक्षा लहान आहे आणि मला सारखे प्रश्न विचारते. चेहरा असा गोल कधीपासून? म्हटलं, भावाकडचं अन्न मानवलं. कातडी अशी पातळ का, जरा धक्का लागला की काळंनिळं का होतं? म्हटलं, आमच्या आईचंही तसंच होतं, असं दादा सांगतो. साखर कधी वाढली, स्टुलावरून पडून मनगट कसं मोडलं, सगळं विचारून झालं. मग तिने पलंगावर बसून सरळ विचारलं, की तुम्ही बरीच वर्षं स्टेरॉइड घेत होतात का? ते बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं विसरतं, आणि मग एकदम बंद केलं तर माणूस तुमच्यासारखा पडतो. तुमचं सगळं चित्र मला तसंच दिसतंय, म्हणाली.

मी भडकले दादा. म्हटलं, माझा भाऊ औषधविक्रेता आहे, त्याच्या शिक्क्यावर आख्खं गाव डोळे मिटून औषध गिळतं, आणि तुम्ही त्याच्यावर संशय घेता? तुझा कागद तिच्या पुढ्यात टाकला. तिने तो दोनदा वाचून घेतला, माझी क्षमा मागितली आणि कागद फायलीला लावला. आपल्याला अभिमान वाटावा असंच मी बोलले.

पण मग दुसरं कारण शोधणं आलं. डोक्याच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते म्हणे, ती बिघडली तरी असंच होतं. तिथे गाठ असावी असं मोठ्या डॉक्टरांना वाटतं. फोटोत नीट दिसत नाही. पुढच्या महिन्यात डोकं उघडून बघायचं असं चाललंय. सही मागतायत.

मला भीती वाटते. डॉक्टरीण म्हणाली, सही करण्याआधी एकदा भावाकडून खात्री करून घ्या, की त्या गोळीत दुसरं काही नव्हतं. मी म्हटलं, गरज नाही. पण तिच्या समाधानासाठी तारेने एवढंच कळव, 'दुसरं काही नव्हतं'. मग मी बिनघोर सही करेन. तू म्हणालास म्हणजे झालं.

वहिनीला आणि छकुलीला डोक्याचं सांगू नकोस.

तुझी
शिंकी

३ मे

वन्सं,

माझी तार मिळाली ना? मिळाली असूदे, आणि तुम्ही सही केलेली नसूदे. तारेत जास्त लिहिता येत नाही म्हणून हे पत्र. मला तुमच्यासारखं रंगवून लिहिता येत नाही, जसं आहे तसं सांगते.

तुमचं दवाखान्यातलं पत्र दुकानावर आलं. ह्यांनी एकट्यानेच वाचलं, आणि घरी येऊन म्हणाले, शिंकीला जरा ताप आलाय, बाकी मजेत आहे. जेवताना दोनदा पाणी सांडलं. मी म्हटलं, पत्र दाखवा. तर म्हणाले, दुकानात राहिलं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, तर म्हणाले, बघू. दुपारी मी दुकानात बसते ते तुम्हाला माहीत आहे. सुतळी काढायला खालचा खण उघडला, तर सुतळीच्या गुंड्याखाली पत्र. मी वाचलं. आधी कळलंच नाही. मग 'डोकं उघडून'पाशी आले आणि पत्र पहिल्यापासून पुन्हा वाचलं.

मी ह्यांना विचारलं, तार केलीत का? म्हणाले, विचार करतोय. वन्सं, तुमच्या डोक्याला सुरी लागायची वेळ आली आणि माणूस म्हणतो विचार करतोय! काय लिहावं याचा विचार करत होते. तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं, की 'दुसरं काही नव्हतं' हे जर खरं असतं तर विचार कशाला लागला असता?

मग हे जेवायला गेल्यावर मी मागच्या कपाटातलं मोठं खोकं काढलं. तुमच्या पुड्या त्यातूनच बांधायचे, ते मी रोज बघत आले. खोक्यावर दोन औषधांची नावं आहेत. एक पित्ताचं. दुसरं बीटामेथासोन. त्याच्यापुढे लाल अक्षरात, डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय देऊ नये. छकुलीला विचारलं, हे काय असतं? ती म्हणाली, आई, हे स्टेरॉइड. मी तशीच चप्पल घालून तारघरात गेले आणि दोन्ही नावं तारेत घातली.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे ओरडले नाहीत. खुर्चीत बसले. मग म्हणाले, तू माझं तोंड काळं केलंस. मी म्हटलं, तोंडाचं नंतर बघू, आधी डोकं वाचूदे.

आता जे सांगायचं नाही असं दोन दिवस ठरवत होते ते सांगते. छकुली दहा वर्षांची असताना एकदा तिच्या अंगभर पित्त उठलं होतं, डोळे सुजून बंद झाले होते, आठवतंय? मी घाबरून तुमच्या फळीवरची पुडी उचलली. गोळी माझ्या तळहातावर, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला, पोरीने तोंड उघडलेलं. तेवढ्यात हे दुकानातून आले आणि माझ्या हातावर असा फटका मारला, की गोळी कपाटाखाली गेली. म्हणाले, "ही गोळी माझ्या घरात कुणाच्या पोटात जायची नाही." मी म्हटलं, "मग वन्सं?" म्हणाले, "तिचं वेगळं आहे." छकुलीला दुसरी साधी गोळी दिली आणि शहरातल्या कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. तुमच्या पुड्या त्याच आठवड्यात नेहमीसारख्या बांधल्या.

मला वाटलं, तुमचं दुखणं वेगळं आहे असं म्हणतायत. मी पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं. तेवढं तरी विचारायला हवं होतं, वन्सं.

बऱ्या व्हा. मला शिव्या घालायला तरी या.

वहिनी

५ मे

शिंके,

तुझ्या वहिनीने तार केली ते मला कळलं. मीही करणारच होतो. एक-दोन दिवसांनी काही बिघडलं नसतं, शस्त्रक्रिया 'पुढच्या महिन्यात' असं तूच लिहिलं होतंस.

पहिली गोष्ट, मी तुला खोटं लिहिलं नाही. त्या गोळीत दोन औषधं आहेत, त्यातल्या एकाचं नाव मी लिहिलं. ते त्यात आहेच. म्हणशील तर अर्धं लिहिलं. पण मी दुसरं नाव लिहिलं असतं, तर तिकडच्या डॉक्टरने पहिला प्रश्न हाच केला असता, की ही चिठ्ठीशिवाय बारा वर्षं कोणी दिली? मग माझा परवाना, दुकान, सगळंच गेलं असतं. मला वाटलं, तुझ्या अंगाला महिन्याभरात सवय होईल. इतकं ताणलं जाईल असं मला खरंच वाटलं नव्हतं.

दुसरी गोष्ट, सुरुवात मी केली नाही. आपल्या जुन्या डॉक्टरांनी तुला ती आठवडाभरासाठी दिली होती. बंद केल्यावर तुझे हाल आठव. तू रात्र-रात्र अंगण झाडत हिंडायचीस, कारण बसलं की खाज. बोटांना रक्त लागायचं. कामं परत जायला लागली. एकदा माझ्या पायाशी बसून म्हणाली होतीस, दादा, काहीही दे पण हे थांबव. मी पुन्हा दिली. दुसऱ्या दिवशी तू गाणं म्हणत भांडी घासत होतीस. सांग, त्यानंतर कुठल्या तोंडाने बंद करायची? आज करू, उद्या करू, असं करत राहिलो. दुष्टपणाने नाही केलं. माझ्याने तुझं रडणं बघवलं नाही. आणि तूच सगळ्यांना सांगत सुटलीस, माझ्या दादाच्या हाताला गुण आहे. मलाही तसं वाटायला लागलं, हे कबूल करतो.

धोका एवढा असतो हे मला तेव्हा कुठे माहीत होतं! आम्ही औषध विकणारे, आम्ही काय डॉक्टर आहोत?

आता माझं एवढं ऐक. झालं ते झालं. त्या डॉक्टरणीला सांग, की गावाकडे चुकून गोळ्यांची अदलाबदल झाली, कुणी दिली ते आठवत नाही. छकुलीला उद्या हेच दुकान चालवायचं आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. मला हवी ती शिक्षा दे, वाटलं तर परत आल्यावर माझ्याशी बोलू नकोस, पण आपल्या घराचं नाव जाऊ देऊ नकोस.

तुझा
दादा

१९ मे

दादा,

सही केली नव्हती. वहिनीची तार आली तेव्हा कागद पलंगाशेजारी पडला होता, पेन वर ठेवलेलं. डॉक्टरणीने तार वाचली आणि कागद उचलून नेला. मीच तिची क्षमा मागितली, तुझ्या वतीने नाही, माझ्या वतीने.

माझ्या डोक्यात गाठ नाही. आता तेच औषध ती मला गोळ्यांतून देते, थोडं थोडं कमी करत. वर्षभर लागेल म्हणते, कदाचित जास्त. पाकिटावर नाव ठळक छापलंय, मी ते रोज वाचते. अंगावरच्या पित्तासाठी वेगळी गोळी आहे, तिचंही नाव मला पाठ झालंय. औषधवाली बाई भेटायला आली होती. मुख्य बाईंनी पडदा तसाच ठेवलाय, दुसऱ्या कुणाला दिला नाही. हाडांची आणि डोळ्यांची तपासणी व्हायची आहे, त्यात जे निघेल ते निघेल.

तुझं आणि वहिनीचं पत्र एकाच दिवशी आलं. मी तुझं आधी उघडलं. सवयीने.

वाचून खूप रडले. मग तुला माफ करून टाकलं. खरं सांगते. बोटांना रक्त लागायचं ते मला आठवलं, तुझ्या पायाशी बसले होते तेही आठवलं. म्हटलं, भित्रा आहे माझा भाऊ, पण त्याचा जीव आहे माझ्यावर. त्याला माहीत नव्हतं, तो तरी काय करणार? मी उत्तरही लिहायला घेतलं. 'दादा, झालं गेलं विसरून जाऊ', इथपर्यंत लिहिलं होतं. मग दमले म्हणून पेन ठेवलं आणि वहिनीचं पाकीट फोडलं.

म्हणजे तुला माहीत होतं.

डॉक्टरणीला काय सांगायचं ते तू शिकवलं आहेस. उशीर झाला. मी तिला तुझं नाव सांगितलं, दुकानाचं नाव सांगितलं, आणि तुझ्या शिक्क्याचा कागद तिच्या फायलीत आधीपासून आहेच, तो मीच मोठ्या तोऱ्याने तिला दिला होता. ती तुमच्याकडच्या औषध-परवान्यांच्या कचेरीला लिहिणार आहे. मी तिला लिहा म्हटलं. आणखी कुणाकुणाला तू ती पुडी बांधून देतोस ते मला माहीत नाही, तुला माहीत आहे. त्यांना एकदम बंद करू नकोस, डॉक्टरकडे पाठव. माझ्यावरून एवढं तरी शीक.

परत आले तरी मी अंगणातल्या खोलीत राहणार नाही. माझं सामान छकुलीला बांधून ठेवायला सांग. कात्र्या तिच्याकडेच राहू देत. वहिनीला मी वेगळं लिहितेय, आणि तिला शिव्या घालणार नाही असंही लिहितेय.

तुला मात्र एक सांगायचं राहिलंय. छकुलीला पित्त उठलं होतं त्या दिवशी मी कुठे होते, तुला आठवणार नाही. वहिनीलाही आठवलेलं दिसत नाही. मी तुमच्याच स्वयंपाकघरात होते, पोरीच्या डोळ्यांवर ठेवायला ओली फडकी पिळत. भांड्यांच्या आवाजात तुमचं आधीचं बोलणं ऐकू आलं नाही. तू म्हणालास, "तिचं वेगळं आहे", तेवढंच ऐकू आलं. माझ्याबद्दल बोलतोयस हे कळलं. मला वाटलं, दादाच्या मनात माझी जागा वेगळी आहे, सगळ्यांहून वेगळी. एवढं कुणी माझ्याबद्दल कधी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी पुडी सोडली आणि ती गोळी मी किती सुखाने गिळली, हे तुला कळावं म्हणून हे पत्र.